चौऱ्याण्णव वाटा

तिने एंटर दाबले आणि स्क्रीनवरची यादी वरून खाली हिरवी होत गेली. चार, सात, पाच, नऊ, तीन. एकतीस ओळी होत्या आणि नऊच्या वर एकही आकडा नव्हता. ती खुर्चीत मागे टेकली नाही. उलट थोडी पुढे सरकली आणि यादी पुन्हा एकदा, बोट लावून, खालून वर वाचत गेली.

मागे उभे असलेले नाना शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होते.

"उतरला का ताप?" त्यांनी विचारले.

"उतरलेला दिसतोय. आधी किती होता?"

"चौऱ्याण्णव."

"एकाच फंक्शनचा?"

"एकाच. एकोणीस वर्षं पोसलंय मॅडम, अंगाने भरणारच."

ती हसली नाही. नानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि यादीकडे न पाहता तिच्याकडे पाहिले.

दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासणे हा तिचा धंदा होता. एखाद्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका कामापुरत्या भागात, शिरल्यावर बाहेर पडायच्या किती वेगवेगळ्या वाटा आहेत, हे तिचे साधन मोजायचे. कोडमध्ये एक 'जर' आला की एक फांदी फुटली, म्हणजे एक वाट वाढली. दहापर्यंतच्या वाटा माणसाच्या डोक्यात मावतात. पंधराच्या पुढे आकडा लाल होतो. लाल म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला तिथे दुरुस्ती करायची वेळ आली तर तो भीतभीत हात घालणार, आणि भीतभीत घातलेला हात चुकणार. बावीस वर्षे ती लोकांना हे सांगत आली होती. ते खोटे नव्हते.

हे ऑफिस रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूमचे होते. काचेच्या भिंतीपलीकडे चार ऑपरेटर बायका कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या. फोन आला की त्या पत्ता टाईप करायच्या, नानांचा प्रोग्राम कोणती गाडी पाठवायची ते सुचवायचा, आणि बाई बटण दाबायची. सुचवणारे ते फंक्शन म्हणजेच चौऱ्याण्णववाले. शुक्रवारी नाना निवृत्त होणार होते. सोमवारपासून प्रोग्रामची देखभाल एका बाहेरच्या कंपनीकडे जाणार होती आणि कंपनीने अट घातली होती: लाल फंक्शन आम्ही घेणार नाही. म्हणून नानांनी दोन महिने बसून त्याचे एकतीस तुकडे केले होते. त्या तुकड्यांवर आता फक्त तिची सही हवी होती.

संचालक दारातून डोकावले. ते कधी पूर्ण आत येत नसत.

"हिरवं आहे ना सगळं?"

"आकडे हिरवे आहेत," ती म्हणाली.

"मग पाचपर्यंत सही होऊन जाईल."

"जुने कॉल चालवून बघते आधी."

"बघा, बघा. नानांच्या कामात काही निघायचं नाही. नाना म्हणजे आमचं खणखणीत नाणं."

"घासून गुळगुळीत झालेलं," नाना म्हणाले.

संचालक गेले. तिने मागच्या तीन वर्षांतले सगळे कॉल जुन्या फंक्शनमधून आणि नव्या तुकड्यांमधून एकाच वेळी सोडायला लावले. एक्केचाळीस हजार कॉल. दोघांनी प्रत्येक वेळी तीच गाडी सुचवली पाहिजे. स्क्रीनच्या खालच्या कडेला एक बारीक पट्टी भरू लागली.

तिने डबा उघडला तेवढ्यात वहिनीचा फोन आला. भाऊ गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या. वहिनी रोज एक वाजता फोन करून जेवलीस का विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत स्वतःचे सुरू करायची.

"जेवलीस का? हे बघ, मी आज तुझी खोली आवरली. उशाशी कागदांचा ढीग, नुसते बाण काढलेले. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला वाटलं मुंग्यांची वारुळं काढलीस का काय."

"ते कामाचं आहे, वहिनी."

"कामाचं असेल तर कामावर ठेव." मग वहिनीचा आवाज उतरला. "काल परत झोपेत हात हलवत होतीस."

तिने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"असा वर करून. कुणाला तरी बोलावल्यासारखा. मी धरून खाली ठेवला तर म्हणालीस, दिसत नाही का त्यांना. कोणाला ग?"

"स्वप्न असेल."

"सहा वर्षं एकच स्वप्न? सिनेमासुद्धा उतरतो इतक्या दिवसांत."

"ठेवते वहिनी. पट्टी भरत आलीय."

पट्टी अर्धीच भरली होती. तिने डबा झाकला आणि उजवा हात मांडीखाली घेऊन बसून राहिली.

सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात असेच एक फंक्शन होते. त्याचा आकडा एकसष्ट. तिने ते लाल ठरवले, तिथल्या प्रोग्रामरने त्याचे तेवीस तुकडे केले, सगळे हिरवे झाले आणि तिने सही केली. जुन्या फंक्शनमध्ये पुलाचा प्रश्न अंतराच्या आधी विचारला जात होता. तुकडे करताना अंतराचा तुकडा आधी आला. तसे केल्याने मांडणी सुबक दिसत होती. तिने स्वतः शेऱ्यात 'सुबक' असा शब्द लिहिला होता. मग अकरा वर्षांत एकदा येतो तसा पूर आला आणि पूल बंद झाला. एक कॉल आला. अंतराच्या तुकड्याने सरळ रेषेत सगळ्यात जवळची गाडी उचलली. ती होती नदीच्या पलीकडची. पुलाच्या तुकड्याने पाहिले की गाडी तर आधीच ठरली आहे, आणि तो गप्प बसला. प्रत्येक तुकडा आपापल्यापुरता बरोबर होता.

चौकशीत तिला एकच प्रश्न विचारला गेला. आकडे निकषात होते का? ती होते म्हणाली. त्यांनी आभार मानले. पण तिची पाळी येण्याआधी ती बाहेरच्या बाकावर बसली होती, आणि दार नीट लागत नव्हते. आत त्या कॉलची ध्वनिफीत लावली होती. माणूस ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरे झाले असते असे तिला पुढे कितीदा तरी वाटले. तो ऑपरेटरला समजावून सांगावे तसा सांगत होता.

"दिवा दिसतोय तुमच्या गाडीचा. निळा. पण मधे पाणी आहे हो."

मग थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज.

"थांबलीय गाडी. आम्हालाच शोधतेय बहुतेक. मी हात हलवतोय त्यांना."

आणि मग फोनपासून तोंड बाजूला करून, हळू: "आली ग आई, आली गाडी. ही काय, दिसतेय."

स्क्रीनवर पट्टी भरून थांबली. एक्केचाळीस हजार दोनशे सहा कॉल. फरक: शून्य.

नाना चहाचे दोन कप घेऊन आले. त्यांनी शून्याकडे पाहिले आणि एक कप तिच्यासमोर ठेवला.

"तिथेही शून्यच आला होता," ती म्हणून गेली.

"कुठे?"

"कुठे नाही." तिने कप उचलला, परत ठेवला. "नाना, जुनं फंक्शन मला एकदा समजावून सांगाल? पहिल्यापासून. मी नव्या तुकड्यांचा कागद समोर धरते आणि एकेक खूण करत जाते."

"सांगायला काय, पाठ आहे. स्क्रीन लागणार नाही."

"चौऱ्याण्णव वाटा पाठ?"

"आमच्या आईला साडेतीनशे ओव्या पाठ होत्या, आणि तिला कोणी पगार देत नव्हतं." त्यांनी खुर्ची ओढली, ताठ बसले आणि डोळे मिटले.

पहिल्या पाच-सहा वाटा त्यांनी कोरड्या सांगितल्या. छातीत दुखत असेल तर यंत्रवाली गाडी. ती मोकळी नसेल तर साधी पाठव, यंत्रवालीला मागून धाड. मग हळूहळू आवाजाला लय आली. ते 'जर' म्हणून थांबायचे, मग माणूस सांगायचे, मग 'तर'. टेकडीमागच्या चाळीत एक बाई होत्या, दीडशे किलोच्या, जिना हातभर रुंद. दोन माणसांना उचलेनात. म्हणून जर पत्ता त्या चाळीचा, तर तीन माणसांची गाडी. त्या बाई गेल्या, पण जिना आहे. गिरणीच्या गल्लीत गाडी शिरते, पण वळत नाही. उलटी काढताना एक पेशंट हातचा गेला. म्हणून जर ती गल्ली, तर गाडी तोंडाशी थांबव, स्ट्रेचर पायी ने. एक म्हातारे गृहस्थ दर मंगळवारी फोन करतात, छातीत दुखतं म्हणून.

"दुखत नाही त्यांच्या," दारातून आवाज आला. ऑपरेटर बायकांमधली थोरली हेडफोन गळ्यात अडकवून उभी होती. तिची पाळी संपली होती. "मंगळवारी त्यांची मुलगी यायची पूर्वी."

"मग त्यांना गाडी नाही पाठवत?" तिने पेन थांबवून विचारले.

"पाठवतो की," नाना डोळे मिटूनच म्हणाले. "पण शेवटची उरलेली गाडी पाठवत नाही. अठ्ठाविसावी वाट. एखाद्या मंगळवारी खरंच दुखलं तर?"

"मग?" थोरली म्हणाली. तिला गोष्ट ठाऊक होती; पुढे ढकलण्यासाठी तिने विचारले होते.

"मग एकोणतिसावी."

थोरली एक स्टूल ओढून बसली. नाना सांगत होते, थोरली अधूनमधून 'मग' म्हणत होती, आणि ती कागदावर खुणा करत होती. तिने आजवर हजारो फंक्शन मोजली होती. एखादे फंक्शन असे बसून ऐकले मात्र कधीच नव्हते. आकडा मोठा होता खरा, पण त्यातला प्रत्येक एक कुणाच्या तरी दारातून आला होता आणि नानांनी त्याला हात धरून आत बसवले होते. एकदा तिला वाटले की खोलीत गर्दी झाली आहे. तिने मान वर करून पाहिले. तिघेच होते.

"एकाहत्तरावी," नाना म्हणाले आणि थांबले. या वेळी थोरलीने 'मग' म्हटले नाही. "गाडी आणि पत्ता यांच्या मधे पाणी आहे का, हे अंतराच्या आधी विचार. आपल्याकडे नदी नाही. तलाव आहे, एक नाला आहे, तोही बिचारा आठ महिने झोपलेला. पण सहा वर्षांपूर्वी एका गावात तसं झालं. चौकशीचा अहवाल सगळ्या कंट्रोल रूमना पाठवला होता. त्यात त्या माणसाचं बोलणं छापलं होतं, शब्दाला शब्द." नानांनी डोळे उघडले. "दुसऱ्या दिवशी येऊन सात फांद्या घातल्या मी. एकाहत्तर ते सत्त्याहत्तर. त्या एकदाही वापरात आलेल्या नाहीत."

तिचे पेन कागदावर टेकून होते आणि त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. तिने पान उलटले. पाण्याचा तुकडा नव्या मांडणीत पहिलाच होता, अंतराच्या कितीतरी आधी. सातही फांद्या होत्या. तिने सात खुणा केल्या. खुणा जागच्या जागी पडल्या.

"आहे?" नानांनी विचारले.

"आहे."

"पुढे सांगू?"

"सांगा."

चौऱ्याण्णवाव्या वाटेपर्यंत एकही खूण राहिली नाही. कागद भरला होता. नानांनी काही मोडले नव्हते, काही सांडले नव्हते. तिने मान हलवली आणि पेनचे टोपण लावले. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिचे खांदे थोडे खाली आले. सहीचा फॉर्म बॅगेत वरच होता. तिने तो काढला.

"आणि बारा ते साडेबाराच्या मधे," नाना तंद्रीतच पुढे म्हणाले, "फाटकाकडची गाडी शाळेच्या बाजूला पाठवू नको. शाळा सुटते आणि त्याच वेळी रेल्वेचं फाटक पडतं."

तिने टोपण परत काढले. कागद पहिल्यापासून पाहिला. मग जुने फंक्शन स्क्रीनवर उघडून त्यात शोधले.

"हे नव्यात नाही."

"हो का?"

"जुन्यातही नाही, नाना."

नानांनी कपाळावर बोट घासले. "नसेल. ती तोंडी असेल."

"तोंडी म्हणजे?"

उत्तर थोरलीने दिले. "रोज पावणेबाराला येतात ना आमच्याकडे, चहाच्या निमित्ताने. प्रोग्रामने फाटकाची गाडी सुचवली तर बदल म्हणतात. चार नंबरची गाडी चढावर दमते, ती टेकडीला द्यायची नाही, हेही तसंच. सुट्टीच्या दिवशी घरून फोन. आम्ही म्हणतो, नाना, तुमच्यात आणि सासूत फरक एवढाच की तुम्ही साखर कमी घेता."

"अशा किती आहेत?"

"मोजल्या नाहीत," नाना म्हणाले.

"लिहिल्या का नाहीत?"

नानांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरला.

"दोन वर्षांपूर्वी परिपत्रक निघालं. लाल फंक्शनमध्ये नवी फांदी घालायची नाही. घालायची तर आधी आकडा पंधराच्या आत आणा. तुमच्याच तपासणीच्या पुस्तिकेतून घेतलं होतं, पान बारा. चुकीचं काही नाही त्यात. पण नवी अडचण काय परिपत्रक वाचून येते थोडीच? ती आली की मी पलीकडे जाऊन सांगायचो."

पान बारा तिनेच लिहिले होते. त्या ओळीवर ती तेव्हा खूश होती. छोटी, ठाम ओळ होती.

ती स्क्रीनकडे वळली. एक्केचाळीस हजार कॉलमध्ये तिने प्रोग्रामने सुचवलेली गाडी ताडून पाहिली होती. प्रत्यक्ष गेलेली गाडी पाहिलीच नव्हती. तिच्या धंद्यात कोणी पाहत नसे. प्रोग्राम तपासायचा म्हणजे प्रोग्रामच तपासायचा. ऑपरेटरने सुचवलेली गाडी बदलली की त्याची नोंद व्हायची, ती नोंद तिने आता उघडली. पहिल्या वर्षात नऊ बदल. मग परिपत्रकाची तारीख. त्यानंतर सहाशे तीन.

आकडा चौऱ्याण्णववर थांबला होता कारण त्याला थांबवले होते. वाढायचे ते वाढतच राहिले होते, पण कोडमध्ये नाही. ते नानांच्या डोक्यात होते आणि शुक्रवारी पेन्शनचे कागद घेऊन घरी जाणार होते.

तिने बदल तारखेप्रमाणे लावले. परिपत्रकानंतर जवळजवळ रोज एखादा तरी होता. फक्त एका जागी खंड होता: सलग नऊ दिवस, एकही बदल नाही.

"हे नऊ दिवस?" तिने विचारले.

थोरली उठली. तिने स्टूल आवाज न करता भिंतीशी सरकवला. "मी निघते," ती म्हणाली आणि जाताना नानांच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

"आमची ही गेली तेव्हाचे," नाना म्हणाले. "फोन करायचं सुचलं नाही."

पाच वाजता संचालक आले. या वेळी पूर्ण आत आले, कारण फॉर्म टेबलावर होता आणि त्यांना तो दिसत होता.

"झालं?"

"आकडे हिरवे आहेत," ती म्हणाली. "तुकडे जुन्या फंक्शनशी तंतोतंत जुळतात. नानांचं काम चोख आहे. सही मी करत नाही."

"अहो, म्हणजे काय? सोमवारी माणसं येतायत."

"येऊ देत. प्रोग्रामचा बराच भाग अजून लिहायचाच राहिलाय. लिहिल्याशिवाय मोजता येणार नाही, आणि मोजल्याशिवाय मी सही करणार नाही. शुक्रवारपर्यंत मला आणि नानांना ही खोली द्या."

"त्या कंपनीला मी काय सांगू?"

"तपासनीस अडून बसली म्हणून सांगा. ते मला फोन करतील. मी उचलेन."

संचालकांनी नानांकडे पाहिले, नाना आता तरी काही बोलतील या आशेने. नाना खिडकीतून खाली पाहत होते. संचालक फॉर्म उचलून, परत ठेवून, दार अर्धवट ओढून निघून गेले.

काचेपलीकडे एक फोन वाजला. थोरलीच्या जागी आलेली ऑपरेटर पत्ता टाईप करत होती. स्क्रीनवर गाडी आली. बटण दाबण्याआधी तिने एकदा काचेतून या खोलीकडे पाहिले. नानांनी किंचित मान हलवली. तिने दाबले. हे सगळे इतक्या सवयीने झाले की दोघांपैकी कुणालाच ते कळले नसावे.

टेबलापाशी बसलेली ती त्या काचेकडे पाहत होती. मग, खुर्ची नानांच्या बाजूला न वळवता, म्हणाली,

"नाना, तुम्ही वाचलात तो अहवाल. पाण्याचा. त्या तुकड्यांवर सही माझी होती."

"ठाऊक आहे."

ती वळली.

"शेवटी साक्षीदारांची यादी होती," नाना म्हणाले. "आणि कुणी काय उत्तर दिलं तेही होतं. तुमचं एका शब्दाचं होतं: 'होते'. बाकी सगळ्यांनी पानंच्या पानं सांगितली होती, आपलं कसं काही चुकलं नाही ते. मला वाटलं, ही बाई पुढचं बोलू शकली नाही."

तिने टेबलावरचा फॉर्म उचलून बॅगेत ठेवला.

"संचालक दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार होते. मी म्हटलं, यांना बोलवा."

"का?"

"दुसऱ्याने सकाळी अकरालाच सही केली असती."

खाली रस्त्यावर एक गाडी आवारातून बाहेर पडली. नानांनी तिचा आवाज फाटकापलीकडे विरेपर्यंत ऐकला. मग त्यांनी खुर्ची उचलली, तिच्या खुर्चीला लावून ठेवली आणि बसले. दोघांचे चेहरे आता स्क्रीनच्या उजेडात होते. तिने त्या नऊ दिवसांचे कॉल बाजूला काढले होते, पण उघडले नव्हते.

"त्यातला चौथा दिवस," नाना म्हणाले. "बारा वाजून वीस मिनिटं. शाळेच्या बाजूचा पत्ता आहे. गाडी किती वेळ फाटकात उभी होती ते तिथे लिहिलेलं असेल."

"तुम्ही पाहिलं नाहीत?"

"तारखेपर्यंत जातो," ते म्हणाले. "दीड वर्ष तारखेपर्यंत जाऊन परत येतोय. तुम्ही उघडा. मला एकट्याला ते उघडवत नाही."